हातचं सोडू का, मावशी?

"सलाम मावशी. मी ३२ वर्षांची आहे. जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात आय.सी.यू.ला स्टाफ नर्स आहे. गाव नगरकडचं. गेल्या महिन्यात एक स्थळ आलं. मुलगा ख्रिस्ती घरातला, नोकरी कायमची, व्यसन कसलंच नाही. पण त्याने मला सरळ सांगितलं, 'माझा देवबिव कशावर विश्वास नाही. नाताळला आईसाठी चर्चला जातो. लग्नानंतर तुझं ते प्रार्थना, शब्बाथ शाळा जरा कमी करावं लागेल.' त्याच्या घरचे फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी पाच लाखांची 'मदत' मागतात. पुढच्या शिक्षणाला, नर्सिंगच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला, माझा नंबर लागलाय, तेही त्यांना नको आहे. आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, देवाने दार उघडलंय, तू बंद करू नकोस. मावशी, देवाने माझ्यासाठी याहून काही चांगलं ठेवलंय असं मला मनापासून वाटतं. हा विश्वास आहे की गर्व? १५ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. सोबत माझ्या अपेक्षांची यादी पाठवते, म्हणजे मी फार मागतेय का ते सांगा."

प्रिय लेकी, सलाम.

नाही म्हण.

उत्तर पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण तू रात्रपाळीहून येऊन हे वाचणार, आणि पान उलटेपर्यंत जीव टांगणीला लागायला नको. आता चहा कर आणि बाकीचं सावकाश वाच. हे उत्तर मी सहज दिलेलं नाही. तुझं पत्र चार दिवस माझ्या उशाशी होतं.

आधी तुझी यादी घेते. अकरा कलमं आहेत. लाल पेन घेऊन बसले आणि सहा खोडली. उंची खोडली. "पुण्यात स्वतःचं घर" खोडलं; तुझ्या वडिलांनी शिक्षकाच्या पगारात भाड्याच्या दोन खोल्यांत तुम्हा तिघांना वाढवलं, हे तूच लिहिलं आहेस. "दिसायला बरा" खोडलं. "इंजिनियर किंवा सरकारी नोकरी" खोडलं. इमानाने कष्ट करणारा ड्रायव्हर असला तरी चालेल, असं तुझ्या मनाला एकदा विचारून बघ. "एकुलता एक नसावा" आणि "नगर जिल्ह्यातलाच असावा" हीसुद्धा खोडली. यातलं काही मिळालं तर आनंद आहे, पण ते देवाच्या योजनेच्या नावावर मांडू नकोस. पंचेचाळीस हजारांऐवजी पंचवीस हजार पगाराचा नवरा करणं म्हणजे कमीवर समाधान मानणं, असं मला वाटत नाही.

उरलेल्या पाचांपैकी तीन अशी: प्रभूवर त्याचा स्वतःचा विश्वास असावा, माझ्या कामाला तो मान देणारा असावा, माझ्या आईवडिलांकडून पैसे घेणारा नसावा. लेकी, या तिन्हींतलं एकही या स्थळात नाही. जे खोडता येण्यासारखं होतं, ते या मुलाकडे बरंचसं आहे, आणि जे खोडता येत नाही, तेच नेमकं नाही. तुझ्या मनात चाललेल्या घालमेलीचं कारण मला इथे दिसलं. ही घालमेल गर्वाची असती तर तू पगारावर अडली असतीस.

मुलाबद्दल एक सांगते. मला तो वाईट वाटला नाही. खोटं बोलून, चार रविवार पुढच्या बाकावर बसून, लग्न झाल्यावर रंग दाखवणारे मी पाहिलेत. याने जे आहे ते तोंडावर सांगितलं. त्याबद्दल त्याचे आभार मान, आणि त्याने खरं सांगितलंय म्हणून ते खरं धर. "लग्नानंतर बदलेल" असं मनात धरून त्याच्याशी लग्न केलंस तर ती त्याचीही फसवणूक होईल.

मी लहान होते तेव्हा वडिलांचा एक बैल गेला आणि दुसरा आणायला पैसे नव्हते. चुलत्यांनी त्यांचा एक जादाचा दिला. चांगला होता, पण आमच्या बैलापेक्षा चार बोटं उंच, आणि चालही निराळी. जू एका बाजूला कलायचं. आठ दिवसांत आमच्या बैलाचा खांदा सुजला. वडील संध्याकाळी कंदील घेऊन गोठ्यात बसायचे, हळद तेलात कालवून त्या जागेवर लावायचे, आणि बैल कातडी थरथरवत उभा राहायचा. मी विचारलं, "दादा, तो दुसरा ओढाळ आहे का?" ते म्हणाले, "नाही गं. दोघंही गुणाचे आहेत. जोडी आमची चुकली." बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला विश्वासी आणि अविश्वासी यांच्या विजोड जोडीबद्दल लिहितो, तेव्हा लोक ते वचन दुसऱ्याला कमी लेखायला वापरतात. मला मात्र तो सुजलेला खांदा दिसतो, आणि पलीकडच्या बैलालाही नीट ओढता येत नव्हतं, हेही आठवतं.

आता कोणीतरी तुला लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण देईल. तुझी आत्या देईलच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या, काही वर्षं ताटातूट झाली, पुढे त्याही विश्वासात आल्या आणि संसार पुन्हा उभा राहिला. खरं आहे, आणि फार सुंदर आहे. पण त्यांचं लग्न आधीच झालेलं होतं. एकजण विश्वासात आला आणि दुसरा राहिला, तर सोडून जाऊ नका, असं पौल अशाच जोडप्यांना सांगतो. त्या धीराच्या शब्दांचा आधार घेऊन नवं लग्न जुळवायचं नसतं. आत्याला हे शांतपणे सांग, भांडू नकोस.

पाळकसाहेबांच्या वाक्यावर मला थोडं जास्त लिहायचं आहे. त्यांचा मान ठेवूनच लिहिते. त्यांना तुझी काळजी आहे. पण "दार उघडलंय" या दोन शब्दांनी आपल्या मंडळ्यांमध्ये फार नुकसान केलंय. दार उघडं दिसलं म्हणजे ते देवानेच उघडलं, असं बायबलमध्ये कुठे आहे? देवाने योनाला निनवेला जायला सांगितलं, पण त्याला जायचं नव्हतं. तो याफोच्या बंदरावर गेला तर तार्शीशला निघालेलं तारू समोर तयार, आणि भाडं भरायला पैसेही जवळ होते. सगळं कसं जुळून आलं! योनाला कुणी साक्ष द्यायला उभं केलं असतं तर तोही म्हणाला असता, प्रभूने मार्ग मोकळा केला. उलट पौलाला बिथुनियाला जायचं होतं, हेतू सुवार्तेचा होता, आणि पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही.

या स्थळाचं दार उघडायला पाच लाख लागतात, हेही पाळकसाहेबांना कळू दे. त्यांना ते कुणी सांगितलंय असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणं गुन्हा आहे तसं देणंही गुन्हा आहे, आणि त्याला मदत म्हटलं, भेट म्हटलं, डाऊन पेमेंट म्हटलं तरी तो हुंडाच. आपल्यात हुंडा नसतो असं आपण इतरांना छाती फुगवून सांगतो. मग फ्लॅटसाठी, गाडीसाठी, मुलाच्या शिक्षणाची भरपाई म्हणून घेतो. माझं तोंड यावर कडू होतं, म्हणून इथेच थांबते. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे त्यांच्या आणि आईच्या म्हातारपणाचे आहेत. त्यातला एक रुपया हलता कामा नये.

आता तुझा मुख्य प्रश्न. देवाची योजना चांगली आहे असं धरून थांबणं हा विश्वास की गर्व?

तू पत्राच्या वरच्या कोपऱ्यात यिर्मया २९:११ लिहिलं आहेस. आपल्या सगळ्यांचं पाठ असलेलं वचन. कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, बारशाच्या केकवरसुद्धा मी पाहिलंय. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आशा देणारे आहेत. पण ते पत्र होतं, बेटा, तुझ्यासारखंच. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. आणि त्या पत्राच्या आधीचा, अठ्ठावीसावा अध्याय फारसं कुणी वाचत नाही. तो आज वाच. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून लाकडी जू होतं, ते त्याने काढून मोडून टाकलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! दोन वर्षं कुणीही काढतो. यिर्मया म्हणाला, सत्तर वर्षं.

सत्तर. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांतले पिकल्या केसांचे लोक परत जाणार नव्हते. हिताचा संकल्प त्यांनाच लिहिला होता. मला वाटतं, कमीवर समाधान मानणं म्हणजे काय ते या दोन अध्यायांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. हनन्याचं वचन ऐकायला मोठं होतं, पण देवाच्या शब्दापुढे ते कमीच होतं. लवकर मिळणारं, सगळ्यांना पटणारं, मानेवरचं ओझं चटकन उतरवणारं. तुझ्या १५ तारखेच्या "हो"ने किती जणांच्या मानेवरचं ओझं उतरेल ते बघ: आईचं, आत्याचं, पाळकसाहेबांचं. तुझं मात्र उतरणार नाही.

आणि सत्तर वर्षं म्हणजे हातावर हात ठेवून बसा, असंही यिर्मयाने लिहिलं नाही. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. ज्या शहरात आहात त्या शहराचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. म्हणून वाट पाहणं याचा अर्थ मी असा घेते की बाबेलात राहूनसुद्धा आंब्याची कोय पुरायची.

तुझी कोय मला पत्रात दिसली. तू तिला दोनच ओळी दिल्यास. पोस्ट बेसिकला नंबर लागला. पुढे लिहिलंस, "मला ट्यूटर व्हायचं होतं, पण आता ते राहूच दे." राहू का द्यायचं? आय.सी.यू.त इतकी वर्षं काढलेली बाई नव्या मुलींना शिकवायला उभी राहिली तर त्या मुली काय घेऊन जातील! माझी धाकटी बहीण तुझ्याच क्षेत्रातली. ती सांगायची, पहिल्या मृत्यूच्या रात्री एका सिस्टरने तिचा हात धरून, मेलेल्या माणसाचं तोंड कसं पुसायचं, पापण्या कशा मिटायच्या आणि हे करताना त्याच्याशी हळू आवाजात कसं बोलायचं, ते दाखवलं. पुस्तकात ते नव्हतं. ती सिस्टर बहिणीला चाळीस वर्षांनीही नावानिशी आठवते. तू लग्नाला इतका वेळ दिलास आणि या गोष्टीला दोन ओळी, हे मला जरा लागलं. देवाची योजना फक्त नवऱ्याच्या रूपातच येते, असं आपल्याला कुणी शिकवलं?

आता माझं सांगते, म्हणजे हे सगळं मी कुठून बोलतेय ते तुला कळेल. सत्तावीस वर्षांची असताना मला एका बोर्डिंगमधून पत्र आलं होतं: मुलींना शिकवायचं, तिथेच राहायचं, पगार थोडा. माझं मन तिकडे धावत होतं. पण अनोळखी गाव, एकटी बाई, लोक काय म्हणतील, म्हातारपणी काय. मी ते पत्र चौपदरी घडी करून बायबलात ठेवलं आणि घराजवळच्या कचेरीत कारकुनी धरली. महिला मंडळात उभी राहून मी साक्षसुद्धा दिली की प्रभूची इच्छा इथेच राहायची दिसते. ती प्रभूची इच्छा नव्हती, माझी भीती होती. अकरा वर्षं मी तिला त्याचं नाव दिलं. घडीच्या रेषांवर ते पत्र फाटून चार तुकडे झालं, आणि अडतिसाव्या वर्षी मी त्याच बोर्डिंगला लिहिलं की अजून जागा आहे का. होती. वीस वर्षं मी तिथे शिकवलं. ती अकरा वर्षं देवाने वाया जाऊ दिली नाहीत. कचेरीत शिकलेला हिशेब बोर्डिंगच्या कोठीला उपयोगी पडला. पण ती भीतीला दिली होती मीच.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायापाशी मी अजून अडखळते, ते यामुळे. शौल राजा गिलगालात शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहत सात दिवस थांबला; होमार्पण शमुवेलाने येऊन करायचं होतं. शमुवेल येईना. समोर पलिष्टी, मागे एक-एक करून माणसं पांगतायत. शेवटी त्याने स्वतःच होमार्पण केलं, आणि ते संपतंय तोवर शमुवेल समोर उभा! शौल म्हणाला, लोक मला सोडून जाताना पाहिलं, म्हणून मी धाडस केलं. माणसं पांगताना बघणं फार कठीण असतं गं. तुझ्या बॅचच्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं झाली, दोघींची मुलं शाळेत जातात, "घोडनवरी" हा शब्द तू चर्चच्या पायऱ्यांवर स्वतःच्या कानांनी ऐकलास. मी ते हलकं करत नाही. त्या बाईला मी ओळखत नाही, ओळखत असते तर बोलले असते.

आता एक कठीण गोष्ट लिहिते. इतर कुणी ती लिहिणार नाही, म्हणून मला लिहिली पाहिजे. तू या स्थळाला नाही म्हटलंस म्हणून देव पुढच्या वर्षी चांगला विश्वासी नवरा पाठवेल, असं मी तुला वचन देऊ शकत नाही. देवानेही तसं वचन दिलेलं नाही. "थोडं थांब, याहून उत्तम मिळेल" असं जे व्यासपीठावरून सांगतात, ते मला हनन्याच्या दोन वर्षांसारखं वाटतं. शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांना बाबेलचा राजा मूर्तीपुढे वाका, नाहीतर आगीच्या भट्टीत टाकतो म्हणाला, तेव्हा ते म्हणाले, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे. पण त्याने न सोडवलं तरी तुमच्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. त्यातलं "न सोडवलं तरी" तुला म्हणता येईल का? लगेच म्हण, असा आग्रह नाही. मलाच ते म्हणायला बरीच वर्षं लागली. मी लग्न केलेलं नाही. दोन स्थळं विश्वासी होती, त्यांनी मला नाकारलं. एक तुझ्या या स्थळासारखं होतं, ते मी नाकारलं. मला एकटेपणा आला नाही असं सांगितलं तर खोटं होईल. नाताळच्या रात्री कॅरोल म्हणून घरी यायचं आणि स्वतःच कुलूप उघडायचं, तेव्हा येतो. एकदा तापात रात्रभर पडले होते. सकाळी शेजारची लहान मुलगी पेल्यात पाणी घेऊन आली, निम्मं तिने वाटेत सांडलं, आणि मी ते उरलेलं पाणी पिऊन रडले. पण ज्या घरात प्रार्थनेला बसायला परवानगी लागेल, त्या घरात मी सुखी झाले असते, असं मला एकदाही वाटलं नाही.

केडगावची मुक्ती, पंडिता रमाबाईंची संस्था, तू पाहिली आहेस का? पुण्याहून दौंडच्या गाडीने जाता येतं, सुट्टीच्या दिवशी जाऊन ये. रमाबाईंचं लग्न १८८० चं, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा गेला. कडेवर लेक मनोरमा, आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊही गेलेला. पुढे १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं. त्याला अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती, म्हणून ती संपल्यावर संस्थेला आपलं उत्पन्न असावं या विचाराने त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. एवढाच बेत होता. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला, त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या, पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, आणि फळबागेसाठी घेतलेली ती जमीन त्या मुलींचं घर झाली. झाड लावताना त्यांना हे माहीत नव्हतं. शेवटची कित्येक वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करण्यात घालवली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या आयुष्यात कमी काय होतं आणि जास्त काय होतं, हे मला अजूनही मोजता येत नाही.

आता करायचं काय ते सांगते.

आज किंवा उद्या कॉलेजची फी भर. १५ तारखेच्या आधी भर, नंतर नाही. उत्तर दिल्यावर घरात चार दिवस रडारड होईल, आणि त्या गडबडीत आईला बरं वाटावं म्हणून तू सीट सोडशील, मी ओळखते तुला. हॉस्पिटलात रजेबद्दल किंवा राजीनाम्याबद्दल मेट्रनशी बोल. दोन वर्षं पगार नसेल तर वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च कागदावर मांड. पैसे कमी पडले तर मंडळीतल्या जाणत्या माणसांना विचारायला लाजू नकोस. फ्लॅटसाठी पाच लाख मागणाऱ्यांना लाज वाटली नाही.

मुलाला निरोप आत्यामार्फत जाऊ देऊ नकोस. तू स्वतः फोन कर. कारण सांग, खरं सांग, थोडक्यात सांग: "तुम्ही माझ्याशी प्रामाणिक वागलात, मीही वागते. माझ्या विश्वासात सोबत नसेल असं घर मला करता येणार नाही." पैशांची गोष्ट त्याच्यावर भडकून काढू नकोस, कदाचित ती त्याला पूर्ण माहीतही नसेल. पण ती वडिलांनी त्याच्या वडिलांना सांगावी. वडिलांशी तू अजून बोललीच नाहीस, हे मला पत्रावरून दिसतं. त्यांच्याजवळ एकटी बस. मला वाटतं तू नाही म्हणावंस याची ते वाट पाहत असतील; मुलीचे बाप ही वाक्यं तोंडाने बोलत नाहीत.

आईशी वाद घालू नकोस. तिच्या म्हणीला उत्तर देऊ नकोस. तिला भीती वाटते की ती गेल्यावर तुला कोण, आणि ती भीती प्रेमातून आलेली आहे. तिच्याजवळ बसून तिच्याबरोबर प्रार्थना कर, मोठ्याने, तिचं नाव घेऊन. तिने इतक्या वर्षांत तुझ्यासाठी प्रार्थना केली असेल, पण तिच्यासाठी कुणी तिच्यासमोर बसून केली आहे का? तिचे गुडघे, तिची झोप, सगळं देवापुढे ठेव.

पाळकसाहेबांकडे जाशील तेव्हा त्यांच्या पत्नीही बसलेल्या असू देत. यिर्मयाचे ते दोन अध्याय त्यांच्यासमोर उघड आणि विचार की यातून मला काय घ्यायचं ते सांगा. ते बाजूला सारतील असं वाटत नाही.

आणि यादीतली उरलेली पाच कलमं एका कोऱ्या कागदावर पुन्हा उतरव. चौथं होतं "माझ्यावर हात न उचलणारा." लेकी, हे अपेक्षांच्या यादीत लिहावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. पाचवं होतं "गाणारा." ते मी मुद्दाम खोडलं नाही. असू दे.

१५ तारखेला संध्याकाळी मी प्रार्थनेला बसेन. तुझी दुपारपाळी असेल तर फोन रात्री कर, मी अकरापर्यंत जागी असते. फीची पावती मिळाली की तिचा फोटो पाठव.

तुझी,
मावशी